गच्चीवरची तक्रार

"अहो... अहो ब्रेडवाले! वर बघा, वर!"

मी गच्चीच्या कठड्यावरून ओणवी होऊन जीव खाऊन ओरडत होते. खाली रस्त्यावरून एक उंच, सडपातळ माणूस चालला होता. एका हातात ब्रेड, दुसऱ्या हातात अंड्यांची पिशवी, आणि तोंडाने शीळ. त्याने आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, मग वळून मागे. वर बघायचं काही त्याच्या डोक्यात येईना! शेवटी मी हातातलं ओलं फडकं खाली सोडलं. ते बरोब्बर त्याच्या डोक्यावर पडलं.

"हे काय?" फडकं बाजूला करून त्याने वर पाहिलं. चष्म्यावर पाण्याचे थेंब. "तुम्ही... तुम्ही आमच्या गच्चीवर काय करताय?"

"ऊन खातेय! अहो, दार उघडा आधी. आतून कडी लागलीय. भाजून निघालेय मी इथे."

"कडी कुणी लावली?"

"मी लावली असती तर तुम्हाला हाका मारत बसले असते का?"

तो हसला. म्हणजे मी तिथे उन्हात करपतेय आणि हा हसतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिन्यावर धडाधड पावलं वाजली, कडी निघाली, आणि मी तावातावाने बोलायला तोंड उघडलं... तेवढ्यात तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. चष्म्यामागचे डोळे तपकिरी होते, आणि त्यांत अजून हसू रेंगाळत होतं. मी काय बोलणार होते ते मी साफ विसरले. असं माझं कधी होत नाही, हो! माझ्या मामाला विचारा.

मामाचं दुकान घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचं. मी त्याच्याच हाताखाली शिकले. राग नाकाच्या शेंड्यावर म्हणून तो मला ठिणगी म्हणतो, आणि आता सगळं दुकान तेच म्हणतं. या घरावरची पॅनेलं मी बसवली होती. मी एकटीने बसवलेलं पहिलंच काम ते! मामा नुसता खाली उभा राहून मान हलवत होता. त्या वेळी घरात फक्त एक काका होते. मुलगा परगावी डोळे तपासायचं नवं यंत्र शिकायला गेलाय, असं ते म्हणाले होते.

तो मुलगा परत आला आणि त्याने पहिलं काम काय केलं? तक्रार! पॅनेलं सांगितलेल्याच्या निम्मीच वीज देतात म्हणून.

"ठिणगे," मामा सकाळी म्हणाला होता, "निम्मी वीज म्हणजे गंमत नाही. लोक मला विचारतात, भाचीला कशाला चढवतोस वर? मी त्यांना या कामाकडे बोट दाखवतो. आता काय दाखवू? शनिवारपर्यंत दोष सापडला तर ठीक. नाहीतर तू काउंटरवर बस, वरची कामं दुसऱ्याला देतो."

काउंटर! दिवसभर पंख्याखाली बसून गिऱ्हाइकांना पत्रकं वाटायची! मला उंचावर उभं राहायला आवडतं. वारा आवडतो, तापलेल्या लोखंडाचा वास आवडतो, खाली माणसं छोटी छोटी दिसतात ते आवडतं. ते गेलं तर माझं काय उरणार होतं? त्यामुळे तपकिरी डोळे वगैरे सगळं ठीक आहे, पण त्या घडीला तो माणूस माझ्यासाठी तक्रारदार होता, बस्स.

"तुम्हीच का ते चष्मेवाले?" मी घसा साफ करत विचारलं. खाली तळमजल्यावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं.

"मीच. आणि तुम्हीच का त्या, ज्यांनी ही पॅनेलं बसवली?" त्याने फडकं माझ्यासमोर धरलं. "कामात काही चूक नसेल हो. बाबा तर तुमचं कौतुक करून थकत नाहीत. पण आकडा... आकडा कमी येतोय."

"आकड्याचं मी बघते. तुम्ही अंडी सांभाळा, गळतायत."

त्याने खाली पाहिलं. पिशवीतून खरंच पिवळी धार लागली होती. या वेळी हसायची पाळी माझी होती.

कडी लावणारे काका थोड्या वेळाने केस कापून परतले. "अरेरे! बाहेर जाताना वरचं दार लावायची सवय गं मला. तू आहेस हे ध्यानातच राहिलं नाही!" असं म्हणत त्यांनी चार वेळा कपाळावर हात मारून घेतला. काका आयुष्यभर छापखान्यात मोठ्या यंत्रावर होते. यंत्र म्हटलं की त्यांचा जीव अडकतो. जिन्याच्या वरच्या टोकाला, गच्चीच्या दारालगतच भिंतीला इन्व्हर्टर आणि त्याशेजारी पॅनेलांचा मोठा फिरवायचा स्विच होता. काका त्यांच्यावरून रोज स्वतः फडकं मारत.

"कुणी याला हात लावतं का हो, काका?" मी विचारलं.

"छे, छे! माझ्याशिवाय कुणाला हातसुद्धा लावू देत नाही मी!"

वा, म्हटलं, असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं.

मामाने मला एक गोष्ट पक्की शिकवलीय. दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मग उन्हाचा एक पूर्ण दिवस थांबून बघायचं. दहा गोष्टी एकदम केल्या तर नेमकं कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही. माझ्या स्वभावाला हे म्हणजे शिक्षाच. पण केलं. त्या दिवशी फक्त पॅनेलं धुतली. धूळ होती, पण निम्मी वीज खाईल इतकी काही नव्हती. चारपर्यंत तिथेच बसले. काकांनी छापखान्यातल्या गोष्टी सांगितल्या, चष्मेवाला मधूनमधून गिऱ्हाईक सोडून वर येत होता. "पाणी हवंय का?" "सावली हवीय का?" "दुसरं फडकं हवंय का... म्हणजे टाकायला?"

संध्याकाळी त्याने फोनवर इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा दिवसभराच्या विजेचा आकडा कळवला. पूर्ण! अगदी पूर्ण! मी दुकानातच टुणकन उडी मारली. मामाला म्हटलं, बघ, धूळ होती, झालं काम.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा निरोप आला. "आज निम्मी. तुम्ही गेल्यापासून पॅनेलं रुसलीत."

"पॅनेलं रुसत नाहीत," मी लिहिलं. "माणसं रुसतात."

"मग माणसाची तक्रार कुठे नोंदवायची?"

मी फोन पालथा ठेवला. मग उचलला. मग पुन्हा ठेवला. मामी समोर भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तो फोन काय भाकरी आहे? किती वेळा उलथा करतेस?"

बुधवारी मी सांध्यांवर हल्ला चढवला. पॅनेल पॅनेलला जिथे जोडलंय तो एकेक जोड उघडून, पुसून, घट्ट केला. मीटर लावून प्रत्येक ओळीतला विजेचा दाब पाहिला. सगळं कसं ठणठणीत! ना सैल तार, ना कुठे भेग, ना झाडाची सावली. इतकं निरोगी काम बघून खरंतर आनंद व्हायला हवा, पण मला रडू यायला लागलं. दोष सापडला असता तर तो काढता आला असता की!

दुपार कलायला आली तेव्हा कुठूनतरी एक चुकार ढग आला आणि टपटप सुरू झाली. पॅनेलं उंच लोखंडी चौकटीवर होती. मी हत्यारांची पेटी ओढत त्यांच्याखाली शिरले. चष्मेवाला तेवढ्यात चहाचे कप घेऊन वर येत होता. जिन्यात परत जाणं त्याला सहज जमलं असतं. पण तो गेला नाही. वाकून, कप सांभाळत, माझ्या शेजारी येऊन बसला. डोक्यावर काचेवर थेंबांचा ताशा, समोर पागोळ्यांची झालर, आणि मध्ये आम्ही दोघं, गुडघे पोटाशी घेऊन. त्याच्या बाहीचा ओला कापूस माझ्या कोपराला लागत होता. मी कोपर काढून घेतलं नाही.

"एक सांगू?" तो म्हणाला. "मी आज मघाशी आकडा पाहिला. पाऊस येण्याआधीच भरपूर झालाय. म्हणजे तुम्ही आलात की नीट, तुम्ही नसलात की निम्मा."

"योगायोग."

"दोनदा?"

"दोनदाच तर आलेय!"

"मग रोज या. खात्री करून घेऊ."

"तुम्ही सगळ्याच मेकॅनिकांशी असं बोलता का?"

"नळवाल्याशी नाही बोलत," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "त्याला मिशा आहेत."

मला चहाचा ठसका लागला. नाकातोंडातून चहा! प्रेमात पडताना माणूस सुंदर दिसतो म्हणे. माझा अवतार बघायला हवा होता.

हसू ओसरल्यावर मी पुन्हा मीटर उचलला आणि सवयीप्रमाणे तो डोळ्यांजवळ नेऊन, डोळे बारीक करून आकडा वाचला. तो माझ्याकडे बघत होता. या वेळी वेगळ्याच नजरेने.

"तुम्हाला चष्मा लागलाय."

"काही लागला नाहीय!"

"समोर रस्त्यापलीकडे जी गच्ची आहे, तिथे दोरीवर काय भिजतंय?"

"कपडे."

"ते पापड आहेत... नाही, चेष्टा केली. कपडेच आहेत. पण कुठले?"

मी बघितलं. रंगांचे डाग दिसत होते. "साड्या," मी ठोकून दिलं.

"मुलांच्या शाळेचे शर्ट आहेत." त्याच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता. "उंचावर काम करता तुम्ही. नीट दिसायला नको? खाली चला. पाऊस थांबेपर्यंत होईल."

मी जाणार नव्हते. माझी मान ताठ. पण गेले. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसले, आणि तो समोर. मध्ये फक्त ते यंत्र. तो भिंगं बदलत होता. "कुठलं स्पष्ट? हे... की हे?" एका वेळी एकच. माझीच पद्धत! "घाई नको. सांगा... हे, की हे?" त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याचं काम म्हणजे माझ्या डोळ्यांत बघणं, आणि माझं काम म्हणजे समोरच्या अक्षरांकडे बघणं. मी माझं काम अजिबात करत नव्हते.

"शेवटची ओळ वाचा."

"वाचली."

"मोठ्याने वाचायची असते, मॅडम."

गुरुवारी मी मुद्दाम गेले नाही. आकडा निम्मा. आणि मामाने विचारलं, "काय गं, ठिणगे? सापडलं?" मी मान खाली घातली. मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता "हं" म्हणाला. दोन दिवस उरले होते आणि माझ्या हातात काही म्हणजे काही नव्हतं.

संध्याकाळी मी चष्मा आणायला गेले. त्याने तो स्वतः माझ्या कानांवर बसवला. बोटं कानामागे क्षणभर थांबली... जरा जास्तच थांबली. "घट्ट होतोय?"

"नाही."

मग एकाएकी सगळं जग धुऊन काढल्यासारखं झालं. कपाटातल्या चौकटींच्या कडा, भिंतीवरचं घड्याळ, त्याच्या हनुवटीवरचा लहानसा व्रण. एवढा वेळ मी या माणसाशी बोलत होते आणि मला तो नीट दिसलाच नव्हता!

तो मात्र आज वेगळाच होता. काहीतरी बोलायचा, थांबायचा. "उद्या... उद्या येणार ना? मला जरा..."

"उद्या नाही येणार."

माझं ठरलं होतं. मी असताना जे होत नाही, ते मी नसताना होतं. मग मी नसताना बघायला हवं!

समोरच्या इमारतीत कपडे शिवणाऱ्या एक मावशी राहत. त्यांच्या गच्चीवर शुक्रवारी सकाळी मी जाऊन बसले. "चोर पकडायचाय का?" मावशींनी विचारलं. म्हटलं, तसंच काहीसं. त्यांनी उत्साहाने मला एक स्टूल दिलं आणि स्वतःसाठी दुसरं आणलं.

सकाळ गेली. काही नाही. ऊन चढलं, पॅनेलं लखलखायला लागली. जेवणवेळ उलटली. आणि मग पलीकडच्या गच्चीचं उघडं दार भरलं. काका! बनियन, खांद्यावर पंचा. नव्या चष्म्यातून मला त्यांचा हातसुद्धा स्पष्ट दिसत होता. तो हात स्विचवर गेला, काटकोनात फिरला, आणि मग काकांनी इन्व्हर्टरच्या डब्यावर दोनदा हलकेच थापटलं. लहान मुलाला निजवताना थापटतात ना, अगदी तस्सं! जांभई दिली आणि खाली गेले.

मी आ वासून बसले. ऐन दुपारी! सगळ्यात जास्त वीज येते त्या वेळेला! काका त्याला झोपवत होते! आणि मी असले की माझ्याशी गप्पा मारत जागे राहायचे, म्हणून सगळं सुरळीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मला इतकं हसू आलं की मावशींनी माझी पाठ चोळली.

पण हसू पुरतं ओसरायच्या आत पलीकडच्या दारात दुसरं कुणीतरी आलं. चष्मेवाला. त्याने स्विचकडे पाहिलं. हात पुढे केला... थांबला. क्षणभर डोळे मिटून भिंतीला टेकला. आणि काहीही न करता खाली निघून गेला.

म्हणजे याला माहीत होतं!

मी जिना कशी उतरले, रस्ता कसा ओलांडला, देव जाणे. दुकानात एक बाई हनुवटी टेकवून अक्षरं वाचत होत्या. मी सरळ आत घुसले.

"तुम्हाला माहीत होतं!"

तो उभा राहिला. "मी... कालच कळलं. काल दुपारी वर गेलो तेव्हा. संध्याकाळी सांगणारच होतो, खरंच, पण..."

"पण काय?"

"पण तुम्ही चष्मा लावून माझ्याकडे असं पाहिलंत... आणि मनात आलं, दोष सापडला की तुम्ही कशाला याल परत?"

"वा! तुम्हाला मी यायला हवी म्हणून माझं काम जाऊ द्यायचं का?" माझा आवाज फाटला. "उद्यापर्यंत दोष सापडला नाही तर मामा मला काउंटरवर बसवणार आहे. कायमचं! माझं पहिलं काम होतं हे. चार दिवस झोप नाही मला. आणि तुम्ही तो स्विच बघून खाली आलात!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "काउंटर... मला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसतानासुद्धा सांगायला हवं होतं. चूक माझी. पूर्ण माझी."

"चूकच आहे," यंत्रावरच्या बाई हनुवटी न उचलता म्हणाल्या. "पण मुलगा खरं बोलतोय हो."

मी त्याच्याशी एक शब्द न बोलता वर गेले. काका पलंगावर आडवे झाले होते. मी हाक मारली तसे उठून बसले.

"काका, तुम्ही दुपारी यंत्र बंद करता?"

"बंद?" काकांना धक्काच बसला. "बंद कशाला करीन? विसावा देतो गं. छापखान्यात दुपारी रूळ तापायचे, तेव्हा यंत्र थांबवायचंच, असा नियम. चाळीस वर्षं एक रूळ चिकटू दिला नाही मी! हे बिचारं तर भर उन्हात उभं असतं. चहाच्या वेळेला पुन्हा चालू करतो की."

आता यावर काय रागवायचं, सांगा! मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "काका, ऊन हेच त्याचं जेवण. ऐन जेवायच्या वेळी तुम्ही ताट काढून घेता. आणि विसाव्याचं म्हणाल, तर सूर्य बुडाला की पहाटेपर्यंत ते झोपलेलंच असतं."

"रात्रपाळी नाही त्याला?"

"अजिबात नाही."

"अगं मग हे आधी नाही का सांगायचं!" काकांचे डोळे पाणावले. "उपाशी ठेवलं की मी त्याला..."

मामाला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. मला वाटलं, सुटले. पण मामा तो मामाच. "कारण पटलं. पण तू तिथे असलीस की ते चालतंच, हे तूच सांगतेस. मग उद्या तू जायचं नाहीस. फोन नाही, निरोप नाही. तुझ्याविना आकडा पूर्ण आला, तर वरची कामं तुझी. पुन्हा मी विषय काढणार नाही."

शनिवार! तो शनिवार मी काउंटरवर काढला. पंखा घरघरत होता. चुकीच्या माणसाला चुकीचं पत्रक दिलं. जेवणवेळ झाली आणि माझा जीव टांगणीला लागला. काकांना राहवेल? चाळीस वर्षांची सवय! हात गेला स्विचवर तर? बाहेर एक ढग सूर्यावर आला, तर मी त्याला काउंटरवरूनच शिव्या घातल्या. तो मुकाट्याने सरकला. आणि या सगळ्यात मध्येच कानामागे ती थांबलेली बोटं आठवायची, आणि पुन्हा राग यायचा, आणि रागाच्या खालून काहीतरी भलतंच वर यायचं. त्याने सबबी सांगितल्या नव्हत्या. 'पूर्ण माझी' म्हणाला होता. ते दोन शब्द काही डोक्यातून जाईनात. मी रागावले होते, आणि मला तो हवा होता. दोन्ही एकदम! असं होतं का हो कुणाचं?

ऊन उतरलं, दिवे लागायची वेळ झाली. फोन गप्प होता, कारण तो मामाच्या खिशात होता.

आणि मग दुकानाबाहेर सायकल आदळल्याचा आवाज आला. चष्मेवाला दारात! धापा टाकत, केस विस्कटलेले, चष्मा नाकाच्या टोकावर.

"आकडा," तो म्हणाला. पुढे श्वासच पुरेना. त्याने फोन मामापुढे धरला. इन्व्हर्टरच्या पडद्याचा फोटो.

मामाने फोन जवळ नेला, लांब नेला. मला काउंटरवरून मामाचं तोंड दिसत होतं, आणि त्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. माझी पाचावर धारण बसली.

"पूर्ण," मामा शेवटी म्हणाला. "पूर्णाच्याही वर थोडा."

मी किंचाळले. पत्रकांचा गठ्ठा हवेत उडाला. मामी आतून काय झालं, काय झालं करत धावत आली.

"बाबा स्विचसमोर खुर्ची टाकून बसले होते," चष्मेवाला सांगत होता. "दिवसभर. डुलक्या घेतल्या, पण हात मांडीखाली दाबून ठेवलेले."

"चला," मामा म्हणाला. "तक्रार मिटली. ठिणगे, उतर तिथून. सोमवारी नवं काम आहे, तीन मजली. शिडी तुझी."

मी काउंटरवरून उतरत होते तेवढ्यात तो म्हणाला, "मिटली नाही."

"आता काय?" मामाने कपाळाला आठ्या घातल्या.

"म्हणजे पॅनेलं उत्तम चालली. यांच्याशिवाय. काही अडलं नाही त्यांचं." त्याने माझ्याकडे पाहिलं. मामा, मामी, उघडं दार, कशाचीच पर्वा न करता. "माझं अडलं. सकाळी एका आजोबांना त्यांच्या नातवाचा चष्मा दिला मी. मग दुकानच बंद केलं. दिवसभर वाट बघितली की आकडा पूर्ण व्हावा... आणि तो पूर्ण झाला की तुम्ही येणार नाही, हेही कळत होतं. तरी व्हावा, असंच वाटत होतं. तुमचं काम तुम्हाला मिळावं, हे मला आधी हवंय. बाकीचं... बाकीचं मग. तुम्ही मला आवडता. फार. रागावलेल्या असलात तरी."

माझे गाल तापलेल्या लोखंडासारखे झाले होते. सांगायचं तर कितीतरी होतं. की मीही काल झोपले नाही, की तू 'पूर्ण माझी' म्हणालास तिथेच माझा निम्मा राग गेला होता. पण एक अक्षर फुटेना.

"अगं बोल की!" मामी कळवळून म्हणाली. "एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही हिचा!"

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तो तसाच उभा होता, घामेजलेला, श्वास रोखून.

"उद्या रविवार," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. "उद्या मला काम नाही. तुमच्या गच्चीवर दोष नाही. यायला काही कारणच नाही."

त्याचा चेहरा उतरला.

"मी उगाच आले तर चालेल?"

आधी त्याला समजलंच नाही. मग समजलं. मग तो माणूस असा काही हसला, की मामाने घाईघाईने पाठ फिरवली आणि जमिनीवरची पत्रकं गोळा करायला लागला.

"उगाच ये," तो म्हणाला. "सकाळीच ये."

दुसऱ्या दिवशी मी हत्यारांची पेटी घरी ठेवली, आणि सकाळीच गेले. उगाच.